मण्यांना फुटलेले केस

अकराव्या दिवशी ताप उतरला. सुकदेव भिंतीला धरून उठला आणि तोंड धुण्याआधी त्याने फळीवरच्या ट्रेमध्ये हात घातला. मेलेल्या पालीला बोट लागावं तसा तो त्याने लगेच मागे घेतला. बोटांबरोबर तीन मणी वर आले, थोडा वेळ लोंबकळले आणि मग एकेक करून, सोडवत नसल्यासारखे, खाली पडले.

त्याने ट्रे उंबऱ्याशी उजेडात आणला. हस्तिदंती रंगाचे, हरभऱ्याएवढे मणी. त्याच्या सुनेने, धनश्रीने, मळून, गोल करून, भाजून ठेवलेले. तो तापाने पडला त्या दिवशी हेच मणी धुतलेल्या तांदळासारखे स्वच्छ होते. आता त्यांना केस फुटले होते. शेजारच्या खोलीत चार बाया दिवसभर एम्ब्रॉयडरीच्या साड्यांचे लोंबते धागे कापत बसायच्या. कापलेली तुसं साऱ्या गल्लीत उडायची, भातात पडायची, झोपलेल्या माणसाच्या पापण्यांवर बसायची. तीच इथे येऊन चिकटली होती. कुठे लाल, कुठे काळं, कुठे जरीचं. म्हाताऱ्या बाईच्या हनुवटीवर उगवतात तशी, तुरळक आणि ताठ.

सुकदेवने ट्रे नाकापासून लांब धरला.

"हाई काय शे?" त्याने विचारलं.

पुष्पाबाई खाटेच्या पायाशी साडी पसरून तिच्यावर खडे चिकटवत होती. नवऱ्याने हा प्रश्न विचारला की घरातलं काहीतरी फेकून द्यावं लागतं, एवढं ती संसारात शिकली होती. मान वर न करता ती म्हणाली, "मणी शेतस. ताप डोकामा गया का?"

"हात लाव."

"मन्हा हात मोकळा नहीत."

सुकदेव पाटीलला किळस यायची. हे काही भूषण नव्हतं आणि सुरतेच्या लिंबायतमध्ये तर ती सोयही नव्हती. त्याला जिन्यातल्या पिचकाऱ्यांची किळस यायची, हॉटेलातल्या ओल्या ग्लासांची, सोमवारी जांभळ्या आणि मंगळवारी हिरव्या वाहणाऱ्या खाडीची, रिक्षातल्या सीटच्या उबेची. स्वतःच्या उशीच्या वासाचीसुद्धा यायची. सतराव्या वर्षी पारोळ्याकडच्या गावातून तो सुरतेला आला, एका लूमच्या कारखान्यात झाडू मारायला लागला, आणि वर्षभरात शेठच्या ध्यानात आलं की हा पोरगा झाडता झाडता तयार ताक्यांवरून हात फिरवतो आणि तोंड वाकडं करतो. जिथे तोंड वाकडं होतं तिथे नेमका ताण्याचा उभा धागा तुटलेला असतो. शेठने त्याच्या हातातला झाडू काढून खडू दिला.

पुढची अडतीस वर्षं त्याने कापड तपासलं. तिरक्या काचेचं टेबल, काचेखाली ट्यूबलाइट, वरून मीटरमागे मीटर सरकणारं कोरं कापड. दुसऱ्या तपासनिसांना चूक दिसायची. सुकदेवला ती लागायची, दाताखाली खडा लागावा तशी. तेलाचा ठिपका, गाठ, सैल पडलेला पट्टा. सापडलं की खडूची फुली. कारागीर त्याला रिजेक्शनशेठ म्हणायचे आणि तो पुढे गेला की त्याच्या चालण्याची नक्कल करायचे.

तीन कारखान्यांतून त्याला काढलं. तिन्ही वेळा भांडण एकच होतं. शेठ म्हणायचा, "चालशे." सुकदेव म्हणायचा, नाही. सुरतेत माणूस सकाळी उठल्यावर देवाच्या आधी या शब्दाचं नाव घेतो, असं त्याचं मत झालं होतं. डाग आहे, चालशे. रंग उतरतो, चालशे. पाण्याला वास येतो, पोरगं खोकतंय, भिंत ओली आहे, चालशे, चालशे. तिसऱ्यांदा काढलं तेव्हा वय छपन्न होतं, अर्धे कान लूमच्या आवाजात गेले होते, आणि नवीन शेठ मिळाला नाही.

मग घरात धनश्रीचं हे खूळ आलं. दोंडाईच्याची पोर, बारावी झालेली, मोबाइलवर हिंदी व्हिडिओ बघून पॉलिमर क्लेचे मणी करायला शिकली. सगळे त्याला माती म्हणायचे. सुकदेवला त्या मातीची आधी किळसच आली. ती माती नव्हतीच. पनीरसारख्या वड्या, नव्या बाहुलीसारखा वास, आणि उन्हाळ्यात तिला असा तेलकट घाम सुटायचा की धनश्रीला वडी कागदात दाबून ठेवून तो शोषून घ्यावा लागायचा. मळताना ती हाताची उब घेऊन मऊ व्हायची, आणि पडलेला प्रत्येक केस, प्रत्येक तूस पोटात घ्यायची. त्यासाठी धनश्री शेजारी स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस ठेवायची आणि दर थोड्या वेळाने हात आणि फरशी पुसायची. पापड लाटायचं पुष्पाबाईचं हातमशीन या मातीने खाल्लं. एकदा ही त्यातून गेली की पुन्हा त्यात पीठ घालायचं नाही. पुष्पाबाई चार दिवस सुनेशी बोलली नव्हती. छोटा ओव्हनही वेगळा, खाण्याचं काही त्यात जायचं नाही. ओव्हनवरच्या आकड्यावर धनश्रीचा विश्वास नव्हता. आत तिने वेगळा थर्मामीटर ठेवला होता आणि एकशेतीसच्या वर काटा सरकला की ती धावायची, कारण थोडं जास्त तापलं की हस्तिदंती मणी तंबाखू खाणाऱ्याच्या दातांसारखे पिवळे व्हायचे आणि घशाला ओरखडा काढणारा धूर सुटायचा.

एके दिवशी सुकदेवने तिचा एक तयार मणी सहज उचलला.

"याच्यावर अंगठा आहे," तो म्हणाला.

"कुठे, नाना?"

"हा काय. पूर्ण अंगठा आहे. सही केल्यासारखा."

"तो कुणाला दिसणार?"

"मला."

धनश्री हसली. तिने गाडी रंगवणारे वापरतात तो काळा वॉटर पेपर त्याच्यापुढे टाकला. "मग काढा तुम्हीच."

त्याने काढला. वाटीत पाणी, पाण्यात भांड्यांच्या साबणाचा थेंब, आणि कागद पाण्याखाली धरून घासायचं, म्हणजे धूळ उडत नाही आणि ओरखडे पडत नाहीत. आधी चारशे नंबर, मग सहाशे, आठशे, हजार, दोन हजार. प्रत्येक कागदानंतर पाणी बदलायचं, नाहीतर आधीच्याचा जाड कण पुढच्यात येतो. शेवटी मुलाच्या जुन्या जीन्सचा तुकडा मांडीवर पसरून त्यावर मणी फिरवायचा. मग त्याला जी झाक यायची ती चकाकी नव्हती. ती नखाच्या आतल्या बाजूला असते तशी होती. सुकदेवने तो पहिला मणी दिवसभर खिशात ठेवला. आयुष्यात पहिल्यांदाच चूक सापडल्यावर फुली मारून थांबायचं नव्हतं. ती घासून काढता येत होती.

चहाच्या टपरीवर त्याचा जुना सोबती हिलाल, लूम दुरुस्त करणारा निवृत्त जॉबर, त्याची वाटच बघत बसायचा. "काय रिजेक्शनशेठ, आते बांगड्या कव्हा भरशी?"

"आधी तुझे दात घासून देतो. चारशे नंबरने सुरू करावं लागेल."

"मन्हा दात शेतस कोठे?"

"म्हणूनच कागद वाचतोय."

दोन महिन्यांपूर्वी रिंगरोडच्या मार्केटमधल्या एका व्यापाऱ्याने धनश्रीचे मणी पाहिले आणि नऊशेची ऑर्डर दिली. ब्लाउजच्या पाठीमागे गोंडे लटकतात, ज्यांना इथे लटकण म्हणतात, त्यांत ते जायचे होते. तिचा हा पहिलाच लॉट. त्याच्यावर एक गोष्ट टांगलेली होती आणि ती घरात सगळ्यांना ठाऊक होती. मुलगा वाल्मिक पलसाण्याच्या एका प्रोसेस हाउसमध्ये रंगखात्यात होता. त्याने बायकोसाठी तिथे फोल्डिंगमध्ये, कापडाच्या घड्या घालायला, जागा सांगून ठेवली होती. बायांची बस सकाळी साडेसहाला निघायची. धनश्रीने त्याच्याकडे एक महिना मागितला होता: हा लॉट नीट गेला आणि दुसरा आला तर ती घरीच काम करील, नाही तर एक तारखेला बसमध्ये बसेल. सुकदेव पूर्वी एकदा ताके घेऊन पलसाण्याच्या रंगखात्यात गेला होता. ओली वाफ, आंबलेला वास, रंगीत डबक्यांतून चालणाऱ्या माणसांच्या पायांची निघालेली सालं. परत आल्यावर दोन दिवस तो जेवला नव्हता. त्या बसमध्ये ही पोर बसलेली त्याला डोळ्यांसमोर आणवत नव्हती. म्हणून तो रोज पाठ मोडेपर्यंत घासत होता. तीनशे झाले, आणि ताप आला.

धनश्री भाजी घेऊन आली तेव्हा तो ट्रे मांडीवर घेऊन उंबऱ्यात बसला होता.

"उठलात, नाना? बरं वाटतंय?"

"याला काय लावलंय?"

तिने पिशवी खाली ठेवली. उत्तर सासूने दिलं.

"मी लावं. नेलपेंट. बिनरंगनं." पुष्पाबाईने आता मान वर केली. "तुम्हीन पडेल व्हतात. सहाशे मणी कोन घसी? आनि घसीसन बी काय, फिकाच ना! फिका माल कोन लई? दोन दिन तं आरसासारखा चमकनात."

तिच्या बाजूने ते खरंच होतं. तीस वर्षं ती साड्यांवर खडे चिकटवत होती, आणि खडा निघू नये म्हणून त्याच्या कडेने बिनरंगाच्या नेलपेंटचं बोट फिरवायचं, हे गल्लीतल्या साऱ्या बायांचं शास्त्र होतं. तिने शेजारच्या दोघींना बोलावलं, तीन दुपारी बसून त्यांनी नऊशेच्या नऊशे मणी रंगवले. सुकदेवने घासलेले तीनशेही सोडले नाहीत. ते वेगळे दिसले असते.

"तुला माहीत नव्हतं?" सुकदेवने सुनेला विचारलं. "तू एवढे व्हिडिओ बघतेस."

धनश्री भाजी निवडायला बसली. एक जुडी सोडली, परत बांधली.

"माहीत होतं," ती म्हणाली. "व्हिडिओतली बाई सांगते. नेलपेंट लावायचं नाही. या क्लेला ते सोसत नाही. आधी वाळल्यासारखं वाटतं आणि आठ-पंधरा दिवसांनी चिकट होत जातं, मग वाळतच नाही."

"मग?"

"मला वाटलं, आठ दिवसांत माल निघून जाईल."

सुकदेवने तिच्याकडे पाहिलं. ती स्वच्छ होती. केस विंचरलेले, नखं कापलेली. कच्च्या मातीत एक तूस दिसलं तर गोळा फोडून सुईने काढणारी ही बाई. आणि तिच्या तोंडात त्याला तिन्ही शेठचे दात दिसले. त्याने ट्रे खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. चिकटपणा निघेना. बोटांवर एक पातळ, ओलसर साल राहिली होती, आणि ती चोळली की तिच्या वळ्या व्हायच्या.

दुपारी व्यापाऱ्याचा माणूस महेश आला. शनिवारी माल उचलायचा होता, त्याआधी नजर टाकायला. जिना चढून तो धापा टाकत होता आणि उंबऱ्याबाहेर थुंकून आत आला. त्याने एक मणी अंगठ्याखाली दाबला. अंगठ्याची रेघन् रेघ मण्यावर उमटली. महेशने अंगठा बघितला, पँटला पुसला.

"थोडुं चीकणुं छे," तो म्हणाला. "वांधो नहीं. चालशे. पावडर मारी दो ने, भाभी."

"पावडर?"

"टाल्कम. मोढा पर लगाडो छो ते. लटकण छे, पाछळ लटकशे, कोण जोवानुं छे?"

तोंडाला लावायची पावडर मारा, पाठीमागे लटकणार, कोण बघणार, असं त्याचं म्हणणं. सुकदेव खाटेवरून बोलला. हिंदीत बोलला, कारण मराठी कळलं नाही म्हणून महेशने ते टाळू नये असं त्याला वाटत होतं. "भाई, जिसकी पीठ पे लटकेगा, उसकी पीठ को तो लगेगा ना?"

"दादा, तमे बिमार छो. आराम करो ने."

तो गेला. धनश्रीने कपाटातून पावडरचा डबा काढला. तिने ट्रेवर डबा हलवला आणि हातांनी मणी खालीवर केले. मोगऱ्याचा वास सुटला. पावडर चिकटून बसली, केसांवर बसली, आणि मणी एकदम मऊ, पांढुरके, सुजल्यासारखे झाले. पावडर फासून पालथं घातलेलं काहीतरी असावं, आणि ते काय आहे हे उताणं केल्याशिवाय कळू नये, तसे. सुकदेवने नाकावर धोतराचा सोगा धरला.

"हे जाणार नाही," तो म्हणाला.

"जाईल, नाना. त्याने बघितलं. तो हो म्हणाला."

"माझ्या घरातून जाणार नाही."

"मग काय करू? उद्याचा एक दिवस आहे."

"फेकून दे."

धनश्रीने डब्याचं झाकण लावलं. तिचा आवाज चढला नाही, त्यामुळे अर्ध्या कानांनीही त्याला ते नीट ऐकू आलं.

"नाना, तुम्हाला किळस आली की तुम्ही बाजूला झालात. तीनदा झालात. लोक अजून सांगतात, सुकदेव पाटीलने खराब माल पास केला नाही. चांगलं आहे. मी कुठे बाजूला होऊ? साडेसहाच्या बसमध्ये तुम्ही बसणार आहात का माझ्याऐवजी? मला नाही परवडत किळस."

"धनश्री," पुष्पाबाई म्हणाली, पण दटावण्यासाठी नाही. तिने मांडीवरची साडी बाजूला सारली आणि दोन्ही हात नवऱ्यापुढे धरले, तळवे वर करून. "हाई पहा. तीस वरीस येथाच बठी आनि खडा लावत ऱ्हायनू. तुम्हना हात साफ ऱ्हायनात. मन्हा बोटे पहा."

त्याने पाहिली. बोटांच्या टोकांवर गोंदाचे थर चढून, सोलून, पुन्हा चढून कातडी काचेसारखी गुळगुळीत झाली होती. तिला रेघा उरल्या नव्हत्या. रेशनच्या दुकानात मशीन तिचा अंगठा घ्यायचं नाही, हे त्याला माहीत होतं, आणि का घेत नाही हे त्याने कधी विचारलं नव्हतं. त्याने दुसरंच विचारलं होतं. तीस वर्षं त्या बोटांनी थापलेली भाकरी पुढे आली की घास मोडण्याआधी त्याने विचारलं होतं: हात धुतलेस ना?

आताही त्याला त्या बोटांची किळसच आली. तेच त्याला सहन झालं नाही. मान खाली घालून त्याने आपले तळवे पाहिले. स्वच्छ होते. शिसारी यावी इतके स्वच्छ होते.

मग उठला, ट्रे उचलला आणि मोरीत जाऊन बसला. धनश्रीला वाटलं, फेकायला निघाला, म्हणून ती मागे धावली. तो स्पिरिटची बाटली उघडत होता.

"किती आहेत तुझ्याकडे?" त्याने विचारलं. "बाटल्या."

"दोन. नाना, नऊशे आहेत."

"मोजता येतं मला."

ते काम घाणेरडं होतं. कापूस स्पिरिटमध्ये बुडवून मण्याभोवती फिरवला की नेलपेंट विरघळायचं नाही. आधी ते फुगायचं, मग शेंबडासारखं सुटून यायचं. त्यात पावडर, त्यात तुसं, त्यात जरीचा केस. बोटांना ते गुंडाळायचं. बोटं पुसायची, नवा कापूस घ्यायचा, पुन्हा तेच. स्पिरिटने डोळे चुरचुरायचे. अजून अंगात कणकण होती. विसाव्या मण्याला तो ओकला, मोरीतच. तोंड धुतलं, मोरी धुतली, परत बसला. कुणी त्याला उठ म्हणालं नाही. पुष्पाबाईने एकदा वाकून पाहिलं आणि ती खड्यांकडे परतली. त्या साड्या तिलाही शनिवारीच द्यायच्या होत्या.

तासाभराने धनश्री समोर येऊन बसली. तिने वाटीत पाणी घेतलं, साबणाचा थेंब टाकला आणि चारशेचा कागद उचलला.

शुक्रवार असाच गेला. मध्येच सुकदेव म्हणायचा, "पाणी बदल," आणि ती म्हणायची, "बदललंय." संध्याकाळी वाल्मिक कामावरून आला, ट्रे ओलांडताना थांबला. पँटच्या कडा निळ्या, घोट्याजवळ एक हिरवा डाग, जो आता जाण्यातला नव्हता.

"सुपरवायझरला सांगितलंय मी," तो बायकोला म्हणाला. "मंगळवारी एक तारीख आहे. सहा वाजता उठावं लागेल."

"मंगळवारी मी येणार नाही," धनश्री मान न उचलता म्हणाली. "बुधवारी माझा राहिलेला माल जायचाय."

"कोण म्हणालं बुधवारी?"

"मी."

वाल्मिकने बापाकडे पाहिलं. बापाचे दोन्ही हात कोपरापर्यंत कसल्यातरी चिकट गाळात होते. त्याने बापाला असं कधीच पाहिलं नव्हतं. तो आत जाऊन आडवा झाला.

शनिवारी दुपारपर्यंत चारशेच्या वर मणी झाले. आधी घासलेले तीनशे लवकर सुटले, त्यांना नुसतं सोलून शेवटचे दोन कागद आणि जीन्स पुरली. धनश्रीने महेशला फोन लावला, बोलताना दुसऱ्या हाताने ओढणीचं टोक पिळत राहिली. चारशे आज, बाकीचे बुधवारी. पलीकडून आरडाओरडा झाला. सुकदेवला शब्द कळले नाहीत, पण सूर ओळखीचा होता. पावडर मारलीस की नाही, शेठ दुसऱ्याला काम देईल, नवीन लोकांचा हाच त्रास. "नहीं मारी," धनश्री म्हणाली. "नहीं मारूंगी." "चारसो तो काढो. आवुं छुं," महेश शेवटी म्हणाला. बुधवारचं हो म्हणाला नाही, नाहीही म्हणाला नाही.

सुकदेवने धुतलेल्या सुती कापडावर चारशे मणी पसरले होते. उन्हाच्या कवडशात ते शांत दिसत होते. त्याच्या हातावर मात्र काही उरलं नव्हतं. स्पिरिटने आणि कागदाने बोटांच्या टोकांची साल निघून आतली लाल कातडी उघडी पडली होती. पाण्याचा ग्लास धरला तरी झोंबायचं.

"मी बघते एकदा," धनश्री म्हणाली.

"मी बघितलेत."

"मी बघते."

ती कापडाशी बसली. डोळे मिटून तिने मण्यांवरून हात फिरवला, हलके, पुढे आणि मागे. सुकदेव बघत होता. आपण टेबलावर कसे दिसत असू, हे त्याने कधी पाहिलं नव्हतं. तिचा हात एका जागी थांबला. तिने तो मणी उचलला, दोन बोटांत फिरवला आणि तिचं तोंड वाकडं झालं.

"नाना, हा."

त्याने घेतला. फिरवला. उघड्या कातडीला सगळंच सारखं लागत होतं. "काय आहे?"

"भोकाशी."

त्याने मणी डोळ्याजवळ नेला. बाहेरून निर्मळ होता. भोकाच्या आत, जिथून दोरा जाणार होता, तिथे बायांनी ब्रश टेकवून नेलपेंट आत ओतलं होतं आणि ते तसंच होतं. आत पिवळट, ओलं, डोळ्याच्या कोपऱ्यात साचतं तसं. दोरा त्याला चिकटला असता, मग दोऱ्याला तुसं. त्याने दुसरा मणी उचलला. मग तिसरा. मग पुढचे सहा-सात भराभर, खिडकीकडे धरून.

सगळ्यांत होतं.

दोन दिवस त्याने एकाही मण्याचं भोक पाहिलं नव्हतं. आयुष्यभर त्याने दुसऱ्यांच्या कापडावर फुल्या मारल्या होत्या. फुली बसणाऱ्याला काय वाटत असेल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी लूमच्या आवाजात ऐकू आलं नसतं.

खाली स्कूटरचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

"राहू दे का?" सुकदेवने विचारलं. शब्द तोंडातून गेला आणि तो स्वतःच दचकला.

धनश्री उठून गॅलरीत गेली. "महेशभाई," ती वरून ओरडली, "एक घंटा लगेगा. चाय पी लो." खालून काही शिव्या आल्या, गुजराती आणि हिंदी एकत्र. ती आत आली आणि काडेपेटी शोधू लागली. काडीला कापूस गुंडाळायचा, स्पिरिटमध्ये बुडवायचा, भोकात फिरवायचा. तिने पहिली काडी केली. कापूस सुटून आला. सुकदेवने केली, त्याच्या सोललेल्या बोटांना कापूस वळेना, तो लाल होऊन निघाला.

पुष्पाबाईने साडीची घडी घातली, ती खाटेवर ठेवली आणि सरकत जवळ आली. "आना अठे," ती म्हणाली. तिने काडी घेतली, कापसाचा बारीक पेळू तोडला आणि आपल्या गुळगुळीत, रेघा नसलेल्या बोटांत एकदाच फिरवला. कापूस काडीवर धाग्यासारखा घट्ट बसला. तिने दुसरी केली, तिसरी केली. सुकदेवपुढे काड्यांची रांग लागली.

त्याने एक उचलली, बुडवली आणि मण्याच्या भोकात घातली. बाहेर ओढताना तिच्यामागोमाग पिवळी तार आली, लांबली, तुटली आणि त्याच्या मनगटावर पडली. त्याला उमासा आला. तो गिळून त्याने पुढचा मणी घेतला.